हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचे उच्च शिक्षण आणि अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले, हे आपल्या घराघरांतील लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याच शहरात, कोलंबियापासून थोड्याच अंतरावर, हार्लेम नदी ओलांडली की दक्षिण ब्राँक्स नावाची श्रमिकांची वस्ती लागते. त्या वस्तीत एक कॉलेज आहे. ते कोणा धनिकाच्या देणगीतून उभे राहिले नाही. वस्तीतल्या लोकांनी मागितले म्हणून ते मिळाले, आणि सरकार ते बंद करावयास निघाले तेव्हा त्याच लोकांनी ते वाचवले. त्या कॉलेजाची आणि त्याच्यासारख्या इतर कॉलेजांची हकीकत आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. ती ऐकताना एकच प्रश्न मनात ठेवावा, अशी विनंती आहे. वंचित समाजाच्या मुलाला कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे त्याला शिक्षण मिळाले, असे म्हणता येते का?

प्रथम हिस्पॅनिक म्हणजे कोण, ते पाहू. ज्यांचे मूळ स्पॅनिश भाषिक देशांत आहे अशा अमेरिकेतील लोकांना हे नाव आहे. त्यात मेक्सिकन, पोर्टो रिकन, क्यूबन, डोमिनिकन, मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेले असे अनेक गट येतात. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के भरली. हे सगळेच काल-परवा आलेले परके लोक आहेत, असा गैरसमज तेथेही पुष्कळ आहे. वस्तुतः १८४८ साली मेक्सिकोशी झालेले युद्ध संपले आणि कॅलिफोर्नियासह मोठा प्रदेश अमेरिकेने घेतला, तेव्हा तेथे राहणारे मेक्सिकन लोक जागच्या जागी अल्पसंख्य झाले. पोर्टो रिको बेट १८९८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आले आणि १९१७ मध्ये तेथील लोकांना नागरिकत्व मिळाले. १९४२ ते १९६४ या काळात सरकारी करारान्वये मेक्सिकोतून शेतमजूर आणले गेले. शेतात, कारखान्यात आणि हॉटेलच्या मुदपाकखान्यात राबणारे हात त्यांचे होते. शाळेत मात्र त्यांच्या मुलांची जागा वेगळी होती.

वेगळी म्हणजे खरोखरच वेगळी. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज परगण्यात मेक्सिकन मुलांसाठी निराळ्या शाळा होत्या. खंडाने शेती करणाऱ्या गोन्झालो मेंडेझ यांच्या मुलांना जवळच्या चांगल्या शाळेने प्रवेश नाकारला. त्यांनी व आणखी चार कुटुंबांनी न्यायालयात धाव घेतली. १९४६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९४७ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. काळ्या मुलांच्या शाळांविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा सुप्रसिद्ध निकाल १९५४ चा. त्याच्या सात वर्षे आधी एका शेतकरी कुटुंबाने ही लढाई जिंकली होती. परंतु कायद्याने शाळेचे दार उघडले तरी कॉलेज दूरच होते. १९६८ च्या मार्च महिन्यात पूर्व लॉस एंजेलिसच्या हायस्कुलांतील हजारो मेक्सिकन विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. आम्हाला केवळ हातकामाचे विषय देऊ नका, कॉलेजात जाता येईल असे शिक्षण द्या, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती.

अशा मुलांना जवळचे कॉलेज कोणते? तर कम्युनिटी कॉलेज. ही दोन वर्षांची सार्वजनिक कॉलेजे आहेत. त्यांतील सर्वांत जुने इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये शिफारस केली की, अशी कॉलेजे गावोगावी असावीत आणि घरी राहून, काम करून शिकता यावे. येथे गुणांच्या चाळणीने प्रवेश नाकारला जात नाही. फी कमी असते. वर्ग सकाळी, संध्याकाळी, काही ठिकाणी शनिवार-रविवारीही भरतात. येथून मुलगा नर्सिंग, हिशेब, यंत्रदुरुस्ती असा एखादा व्यवसाय शिकून बाहेर पडू शकतो, किंवा दोन वर्षे पुरी करून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. आपल्याकडे १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. त्यामागची दृष्टी ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कॉलेजांचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये आपल्या उच्च शिक्षणाचा एक मोठा आराखडा केला. हायस्कूलमधील वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या मुख्य विद्यापीठात, वरच्या एक तृतीयांशाला दुसऱ्या विद्यापीठात आणि बाकी सर्वांना कम्युनिटी कॉलेजात जागा, अशी ती रचना होती. आज त्या राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि त्यांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी हिस्पॅनिक आहेत. मुख्य विद्यापीठाच्या मानाने फी दशांशाच्या आसपास पडते, आणि गरिबांना तीही माफ होते. संपूर्ण देशाचा विचार केला तरी, कॉलेजात जाणारे हिस्पॅनिक विद्यार्थी बऱ्याच काळापासून निम्म्याच्या आसपास या दोन वर्षांच्या कॉलेजांतच शिकत आले आहेत. म्हणून या समाजाच्या उच्च शिक्षणाचे काय होणार, हे मोठ्या नामांकित विद्यापीठांपेक्षा या साध्या कॉलेजांवर अधिक अवलंबून आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दार उघडे आहे. आत गेलेल्यांचे काय होते? बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील अशा एका कॉलेजाचा अभ्यास करून १९६० मध्ये एक कटू गोष्ट मांडली. ही कॉलेजे सर्वांना आत घेतात खरी. पण ज्यांची तयारी कच्ची आहे त्यांना चाचण्या, सल्ला आणि सौम्य समजावणी यांच्या मार्गाने हळूहळू विद्यापीठाच्या स्वप्नापासून दूर नेतात. मुलाची उमेद थंड होते आणि दोष मात्र त्याला स्वतःचाच वाटतो. क्लार्क यांचे हे म्हणणे सर्वांना मान्य झाले नाही. परंतु आकडे पाहिले तर ते उडवून लावताही येत नाही. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ऐंशी जणांना पुढे पदवी घ्यावयाची असते. अलीकडच्या पाहणीनुसार, सहा वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश विद्यापीठात जातात आणि चार वर्षांची पदवी सोळाच्या आसपासच मिळवतात. हिस्पॅनिक मुलांचे प्रमाण याहूनही कमी आहे.

ही गळती का होते? बुद्धी कमी म्हणून नव्हे. घरात कॉलेजात जाणारा हा पहिलाच असतो. कोणता विषय घ्यावा, कोणता घेतला तर विद्यापीठ तो मानील, सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हा भरावा, हे सांगणारे घरात कोणी नसते. दुकानातल्या कामाची पाळी बदलली की वर्ग चुकतो. बसभाडे संपले की आठवडा जातो. धाकट्या भावंडांना सांभाळावयाचे असते, आजीला दवाखान्यात न्यायचे असते आणि तेथे इंग्रजीत बोलणारा घरात हा एकटाच असतो. त्यात आणखी एक सापळा होता. प्रवेशाच्या वेळी इंग्रजी व गणिताची एक चाचणी घेत आणि तीत मागे पडलेल्यांना पूर्वतयारीच्या वर्गात बसवत. कधी एक, कधी दोन, कधी तीन सत्रे. या वर्गांचे गुण पदवीत धरले जात नसत, परंतु वेळ आणि पैसा जात असे. तीन पायऱ्या खाली बसवलेल्या मुलांतील फारच थोडी मूळ विषयापर्यंत पोहोचत. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून हे थांबवले. हायस्कूलमधील गुण पाहावेत, मुलाला सरळ मूळ वर्गात बसवावे आणि लागेल ती मदत त्याच वर्गाबरोबर द्यावी, असे ठरले. त्यानंतर पहिल्याच वर्षात इंग्रजी व गणित उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली. मदत करण्याच्या नावाखाली मुलाला अडवून ठेवता येते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

आता ज्यांनी वाट काढली त्यांच्याकडे वळू.

पहिले उदाहरण आरंभी उल्लेख केलेल्या ब्राँक्समधील कॉलेजाचे. पोर्टो रिकन व काळ्या वस्तीच्या मागणीतून १९६८ मध्ये ते मंजूर झाले आणि १९७० मध्ये टायरच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत त्याचे वर्ग सुरू झाले. त्याला नाव दिले एउहेनियो मारिया दे ओस्तोस यांचे. १८३९ ते १९०३ या काळात होऊन गेलेले हे पोर्टो रिकन शिक्षणतज्ज्ञ स्वातंत्र्यवादी होते आणि स्त्रियांच्या शिक्षणाचे कैवारी होते. इंग्रजीत या कॉलेजाला होस्टोस म्हणतात. येथे एक मूलभूत गोष्ट केली गेली. इंग्रजी येत नाही म्हणून मुलाला दोन वर्षे खोळंबून ठेवले नाही. विषय स्पॅनिशमध्ये शिकवावयाचा आणि त्याच वेळी इंग्रजी पक्के करून घ्यावयाचे, अशी दुभाषिक पद्धत ठेवली. भर दिला तो दवाखान्यांशी संबंधित अभ्यासक्रमांवर, कारण वस्तीला परिचारिका हव्या होत्या आणि वस्तीतल्या मुलींना नोकऱ्या हव्या होत्या.

१९७५ मध्ये न्यूयॉर्क शहराचे दिवाळे निघण्याची वेळ आली. १९७६ मध्ये शहराच्या विद्यापीठातील मोफत शिक्षण संपले आणि होस्टोस दुसऱ्या कॉलेजात विलीन करण्याचा प्रस्ताव पुढे आला. विद्यार्थी, प्राध्यापक आणि वस्तीतील स्त्री-पुरुष यांनी इमारतीचा ताबा घेतला. कित्येक दिवस ते तेथेच राहिले, वर्गही चालू ठेवले. पोलिसांनी अटका केल्या; आंदोलन थांबले नाही. अखेर राज्याच्या विधिमंडळाने तरतूद करून कॉलेज वाचवले. तेथून आजवर अनेक पिढ्या शिकून बाहेर पडल्या आहेत.

परंतु भाषेचा प्रश्न तेथे संपला, असे मात्र आम्ही सांगणार नाही. १९९७ मध्ये पदवीदान समारंभ काही दिवसांवर आला असताना विद्यापीठाच्या विश्वस्तांनी निर्णय दिला की, इंग्रजी लेखनाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी नाही. अनेकांची पदवी अडकली आणि प्रकरण न्यायालयात गेले. एक बाजू म्हणत होती, इंग्रजी कच्चे ठेवून मुलांना बाहेर सोडणे ही त्यांची फसवणूक आहे. दुसरी म्हणत होती, शेवटच्या क्षणी अट घालणे हा अन्याय आहे. आमच्या मते दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मायबोलीतून शिकणे हा पूल आहे. पण पूल पार करून पलीकडे जावयाचे असते, आणि त्याचे वेळापत्रक पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याच्या हाती हवे.

दुसरे उदाहरण पूल या नावाचेच आहे. स्पॅनिशमध्ये पुलाला ‘पुएन्ते’ म्हणतात. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील हेवर्ड गावच्या शाबो कॉलेजात फेलिक्स गलाविझ हे विद्यार्थी-समुपदेशक आणि पॅट्रिशिया मॅकग्रा या इंग्रजीच्या प्राध्यापिका यांनी हा उपक्रम सुरू केला. मेक्सिकन मुले विद्यापीठापर्यंत का पोहोचत नाहीत, हे पाहण्यासाठी त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका काढून तपासल्या. त्यांना तीन गोष्टी दिसल्या. ही मुले सल्लागाराकडे फिरकत नाहीत, महाविद्यालयीन दर्जाचा लेखनाचा विषय टाळतात आणि बहुतेकांच्या घरात आधी कोणी कॉलेज पाहिलेले नाही. या तीन दुखण्यांवर तीन उपाय केले. एका गटाला वर्षभर एकच प्राध्यापक लेखन शिकवील आणि वाचावयास त्यांच्या समाजाच्या जीवनावरचे साहित्यही देईल. एकच समुपदेशक त्या गटाला अखेरपर्यंत सांभाळील. आणि समाजातील शिकून नोकरी-व्यवसायाला लागलेला एक माणूस प्रत्येक मुलाला मार्गदर्शक म्हणून मिळेल. मुलाने त्याच्या कामाच्या जागी जावे, त्याच्याशी बोलावे, विद्यापीठ प्रत्यक्ष पाहावे. पुढे हा उपक्रम राज्यातील अनेक कॉलेजांत व हायस्कुलांतही गेला आणि आज तो सर्व समाजांतील मुलांना खुला आहे. यात महागडी यंत्रसामग्री नाही, मोठ्या इमारती नाहीत.

तिसरे उदाहरण मायामीचे. १९६० मध्ये तेथे सुरू झालेले कॉलेज क्यूबातून आलेल्या निर्वासितांचे मोठे आधारस्थान बनले. एदुआर्दो पाद्रोन हे १९६१ मध्ये १५ वर्षांचे असताना क्यूबातून आले, याच कॉलेजात शिकले, पुढे अर्थशास्त्राचे डॉक्टर झाले आणि १९९५ ते २०१९ या काळात याच कॉलेजाचे अध्यक्ष होते. २०१६ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. मात्र क्यूबन निर्वासितांना सरकारने सुरुवातीला जी मदत दिली ती मेक्सिकन शेतमजुराला कधी मिळाली नाही, हेही विसरता कामा नये. एकाच नावाखालच्या समाजातसुद्धा सर्वांची सुरुवात एका रेषेवरून होत नाही.

चौथे उदाहरण केवळ हिस्पॅनिकांसाठी नाही, पण त्यांना त्याचा मोठा लाभ झाला. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक योजना आणली. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकावयाचे. त्या बदल्यात फीचा उरलेला भाग माफ, पुस्तकांना मदत, मेट्रोचा पास आणि वारंवार भेटणारा एक सल्लागार. ही योजना खरोखर उपयोगी आहे का, हे पाहण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गरीब विद्यार्थ्यांचे दोन गट केले. तीन वर्षांनंतर योजनेतील ४० टक्के विद्यार्थी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले होते. दुसऱ्या गटातील २२ टक्के. मुले त्याच वस्त्यांतली, कॉलेजेही तीच. फरक पडला तो बसभाड्याने, पुस्तकांनी आणि नावानिशी विचारपूस करणाऱ्या माणसाने.

या सर्व कामासाठी सरकारी पैसा कसा मिळाला, हेही थोडक्यात सांगतो. १९८६ मध्ये टेक्सासातील सॅन अँटोनिओ येथे अशा कॉलेजांची एक संघटना स्थापन झाली. तिच्या प्रयत्नांमुळे १९९२ च्या कायद्यात अशा संस्थांना मान्यता मिळाली आणि १९९८ मध्ये त्यांच्या अनुदानासाठी स्वतंत्र भाग जोडला गेला. किमान २५ टक्के विद्यार्थी हिस्पॅनिक असावेत आणि पुष्कळसे गरीब असावेत, या मुख्य अटी. अशा संस्थांची संख्या पुढे सहाशेच्या घरात गेली. टीकाकार म्हणतात की, ही अट केवळ डोकी मोजते. किती मुले उत्तीर्ण झाली ते मोजत नाही. ही टीका आम्हाला रास्त वाटते. तरीही त्या पैशातून प्रयोगशाळा, शिकवण्या आणि सल्लागार उभे राहिले, हेही खरे.

आणि आता या व्यवस्थेवर संकट आले आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. टेक्सासने २००१ मध्ये, कागदपत्रे नसलेल्या पण तेथेच वाढलेल्या मुलांना स्थानिकांची कमी फी लागू केली होती. ती सवलत २०२५ च्या जूनमध्ये गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केंद्रीय शिक्षण खात्याने जाहीर केले की, हिस्पॅनिक व इतर अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या संस्थांसाठीचे सुमारे ३५ कोटी डॉलरचे अनुदान थांबवण्यात येत आहे, कारण वंशाच्या संख्येवर पात्रता ठरवणे घटनेला धरून नाही. पंचवीस-तीस वर्षांत उभे केलेले काम एका आदेशाने डळमळीत होते, हे यावरून दिसते. सरकारी मदत हक्काची आहे, तिच्यासाठी भांडलेच पाहिजे. पण समाजाने स्वतःचे असे काही उभे केले नसेल तर मदत थांबल्याच्या दिवशी मुलगा एकटा पडतो. पुएन्तेतील मार्गदर्शक मात्र समाजातलाच माणूस असतो. तो कोणत्याही आदेशाने रद्द होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यातून आपण काय घ्यावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे एक गोष्ट प्रामुख्याने घ्यावी. दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या वस्त्यावस्त्यांतून सत्कार होतात आणि ते व्हावेतच. परंतु सत्काराच्या यादीतील मुलगा दोन वर्षांनी कोठे आहे, याचीही एक यादी असावी. पदवीधर झालेल्या प्रत्येक सभासदाने नव्याने कॉलेजात गेलेले एक मूल निवडावे. त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत गेला का, पहिल्या सहामाहीत तो वर्गात बसतो आहे का, कोणत्या विषयात अडला आहे, एवढे महिन्यातून एकदा विचारावे. मुलांनीही संकोच सोडून विचारावे. घरात कोणी शिकलेले नाही ही लाज बाळगण्याची गोष्ट नाही. ब्राँक्सच्या लोकांजवळ ना पैसा होता, ना सत्ता. पण हे कॉलेज आपले आहे आणि आत गेलेले मूलही आपले आहे, ही जाणीव त्यांच्याजवळ होती.

किती जणांना प्रवेश मिळाला, हा आकडा आपण दरवर्षी मोजतो. किती जण शिक्षण पुरे करून बाहेर पडले, हा आकडाही पुढील मेळाव्यात या व्यासपीठावरून वाचला जावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.